चिंचेनं घासलेलं पातेलं

म्युझियममधलं तांब्याचं पातेलं मी चिंच-मीठ लावून घासलं. घासायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट, हात लावू नका असंच बजावलं होतं.

तेव्हा पन्नाशी ओलांडली होती, पण अक्कल बहुतेक पुण्यातच राहिली होती. ह्यांची नोकरी जर्मनीत, लुडविग्सहाफेनला. तिथे आम्ही राहायचो त्या गावात एका जुन्या कारखानदाराच्या व्हिलामध्ये गावच्या इतिहासाचं म्युझियम होतं. तिथे मला लोकांना घर दाखवायचं होतं. त्यासाठी जर्मन शिकले, दिवाणखान्याची माहिती पाठ केली. पोळ्या लाटतानाही ती पुटपुटायची. मिळालं काय, तर कॉफी करणं आणि खुर्च्या मांडणं. वर्ष असंच गेलं. म्युझियम चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. विषय काढला की म्हणायच्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, बघू पुढे."

शेवटी बढती मिळाली: स्वयंपाकघरातली धूळ झटकायची, तीही कोरड्या ब्रशनं. तिथे चुलीवर ते पातेलं, काळंकुट्ट. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं बघायला येणार होती. माझ्या जिवाला काही चैन पडेना. घरून चिंच नेली आणि हात भरून येईपर्यंत घासलं. आता तरी कळेल बाईंना, म्हटलं, मी काय चीज आहे ते.

घरी ऐटीत सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, देवाची भांडी घासायला ठेवलंय का तुला तिथे?"

"अहो, आरशासारखं झालंय."

"तीच तर भीती आहे."

सकाळी बाईंनी पातेलं पाहिलं आणि मीच मांडलेल्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मालकांची चित्रं प्रत्येक भिंतीवर आहेत. इथे राबणाऱ्या मुलींची आपल्याकडे एवढीच खूण होती. ती काजळी."

मला चिडायला तोंड नव्हतं, तरी चिडलेच. हे आधी नको का सांगायला? तिथे साधी पाटी तरी लावायची. पाटी होती म्हणा. घासताना मध्ये येत होती म्हणून मीच ती खिडकीत ठेवली होती.

वर्षभराची कॉफी, पाठांतर, सगळं गेलं पाण्यात. मी पर्समधून म्युझियमची किल्ली काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाल्या, "राहू द्या. लोकांशी बोलायचं होतं ना तुम्हाला? मग दर रविवारी या पातेल्यापाशी उभ्या राहा आणि ते कोणी घासलं, ते सांगा."