हात मागे

“हात मागे घे. अजून मागे.”

सर एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हॉल मुलांनी भरलेला. टेबलांवर सूक्ष्मदर्शक यंत्रं मांडलेली. आणि मी भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभी. समोर खुर्चीवर शेठची मुलगी रडत होती. तिचा उजवा डोळा लालबुंद झाला होता, पाणी थांबत नव्हतं. एक मॅडम तिच्या डोळ्यावर पाणी मारत होत्या. सगळी मुलं माझ्या हातांकडे बघू पाहत होती आणि मी ते लपवले होते.

सर मॅडमना म्हणाले, “यांना हात धुवायची सवयच नसते. मी आधीच म्हटलं होतं.”

हळू म्हणाले. पण मला ऐकू गेलं.

मी तेव्हा आठवीत होते. पुण्याच्या एका संस्थेने दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारला विज्ञान शिबिर ठेवलं होतं, एका इंग्रजी शाळेच्या हॉलमध्ये. आमच्या सरकारी शाळेतल्या काही मुलींनाही घेतलं होतं. का घेतलं होतं ते मला शेवटच्या दिवशी कळलं.

आम्ही भिल्ल. वस्ती शहराच्या कडेला. घरात भिलोरी आणि अहिराणी मिसळून, कामावर अहिराणी, शाळेत मराठी. आई शेठच्या मिरचीच्या पथारीवर जायची, अजूनही जाते. पथारी म्हणजे मोकळं मैदान, त्यावर लाल मिरची वाळायला पसरतात. बाया ती उलटतात, निवडतात, देठ खुडतात. सुट्टीत मीही खुडायचे. पथारीवर एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती अंगातच येते. हात डोळ्याला लावायचा नाही. घाम येवो, कचरा जावो, रडू येवो, डोळा खांद्याला पुसायचा. माझा धाकटा भाऊ धड बोलतही नव्हता तेव्हापासून डोळे खांद्याला घासायचा.

देठ खुडून खुडून आईची बोटं जळायची. संध्याकाळी ती हातांना तेल चोळून, तळवे वर करून बसायची. भाऊ जवळ आला तर कोपराने दूर सारायची. मी एकदा तिला विचारलं, मिरचीत असं काय असतं गं? ती म्हणाली, “मिरची शे. आग तं व्हईच.” मला ते पुरलं नाही. माझ्या आईचे हात जाळणारी ती गोष्ट दिसते कशी, ते मला बघायचं होतं.

म्हणून शिबिराच्या पहिल्या दिवशी सर म्हणाले, उद्या घरून अशी एक वस्तू आणा जी तुम्हाला जवळून बघायची आहे, तेव्हा मला विचार करावाच लागला नाही. दुसऱ्या दिवशी कुणी गुलाबाची पाकळी आणली, कुणी फुलपाखराचा पंख. मी कागदात गुंडाळून मिरची नेली. सर खूश झाले, छान, अगदी इथलीच वस्तू आणलीस म्हणाले. त्या एका शब्दाने मी फुगले. मिरची बोटांनी मोडली, आतला तुकडा काचेवर ठेवला. बोटांनी चाक फिरवलं. वरची नळी बोटांनी धरून सरळ केली. डोळा लावला. आत सगळं लाल, धूसर. आता स्पष्ट होईल, आता होईल, असं वाटत होतं तेवढ्यात मागून शेठची मुलगी म्हणाली, आता माझा नंबर.

मी बाजूला झाले. तिने तीच नळी बोटांनी धरली. आत डोकावली. नीट दिसेना म्हणून तिने डोळा चोळला.

बोटांनी.

जगात डोळे बोटांनी चोळणारी माणसं असतात हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत असणार, पण डोक्यात आलं नाही. तिला सावध करायचं सुचलंच नाही. आमच्यात ते कुणाला सांगावं लागत नाही.

मी सकाळी हात धुतले होते. शिबिराला जायचं म्हणून साबणाने दोनदा धुतले होते. पण मला ते सांगता आलं नाही. तोंड उघडलं तर एक भाषा धड येईना. मराठीत वाक्य जुळवेपर्यंत सर वळून गेलेही होते. ती मिरची तिच्याच वडिलांच्या पथारीवरची होती, तिच्याच घरची. हेही मला फार उशिरा सुचलं. त्या वेळी फक्त लाज होती. कानापर्यंत चढलेली.

संध्याकाळी आई न्यायला आली. कामावरून तशीच आली होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. सरांनी तिला फाटकातच सगळं ऐकवलं. आईने ते चिंध्यांचे हात जोडले.

“चुकी गयं, साहेब. पोरले समजत नही. तिले काढू नका.”

सरांना शब्द समजले नसावेत, जोडलेले हात समजले. येऊ द्या, म्हणाले, फक्त कशाला हात लावायचा नाही. आई वाकून बरं म्हणाली. माझ्यासाठी ती वाकली याची मला लाज वाटली. आणि तिचे हात सगळ्यांनी पाहिले, याचीही वाटली. ही दुसरी लाज मला अजून बोचते.

घरी येऊन मी हात राखेने घासले. मग लिंबाने. मग दगडाने. कातडी निघाली, पण वास गेला नाही.

पुढचे सगळे दिवस मी हात मागे ठेवून उभी राहिले. बाकीच्यांनी तारा जोडून दिवे लावले, चाकांच्या गाड्या पळवल्या. मी बघायचे. हात मागे बांधून निदान बघता तरी येईल असं वाटतं. नाही येत. अर्धं लक्ष हातांकडेच असतं. पुढेपुढे तर कुणी काही म्हणायचीही गरज उरली नाही. सर जवळ आले की माझे हात आपोआप मागे जायचे. पट्टा दिसला की कुत्रं बसतं तसं.

शेवटच्या दिवशी मोठे पाहुणे आले. शिबिराला पैसे देणारे. सोबत फोटोवाला. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. दोन वेण्या, लाल रिबिनी, विटका युनिफॉर्म. ती घ्या, तो सरांना म्हणाला, ती बरोबर वाटते.

सर माझ्यापाशी आले. आवाज मऊ. “ये बेटा. इथे बस. यंत्राला दोन्ही हात लाव, डोळा लाव, आणि जरा हस.”

आता खरं सांगते. माझे हात पुढे गेले. इतके दिवस दाबून धरलेली हौस होती ती. बोटं यंत्राला लागणारच होती. मनात आलं, आज तरी दिसेल.

मग मला दिसलं. यंत्राखाली काच नव्हती. दिवा लावलेला नव्हता. बघायला आत काहीच नव्हतं. मी बघतेय असं फक्त दिसायला हवं होतं.

मी हात मागे नेले. या वेळी ते आपोआप गेले नाहीत. मी नेले.

“सर, मन्हा हात मांगेच ऱ्हातीन. तुम्हीच सांगं व्हतं.”

मराठी आठवायच्या फंदात मी पडलेच नाही. सर हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, लाजतेय. एका पाहुण्याने विचारलं, काय म्हणाली ती? तेव्हा शेठची मुलगी बोलली. नंदुरबारची पोर, तिला अहिराणी येणारच. एक डोळा अजून जरा लालसर. वर्गात उत्तर द्यावं तसं तिने सांगितलं, “ती म्हणते, तिचे हात मागेच राहतील. सर, तुम्हीच सांगितलं होतं.”

माझी बाजू घेतली असं नाही. जे होतं ते सांगितलं आणि ती तिच्या टेबलाकडे गेली.

त्याने काही बिघडलं नाही कुणाचं. फोटोवाल्याने माझ्याच वर्गातली दुसरी मुलगी बसवली. तिनेही त्या अंधाऱ्या यंत्राला डोळा लावला आणि हसली. आमच्या शाळेच्या बाई मला रागावल्या. आईच्या कानावर गेलं तेव्हा आई म्हणाली, “मोठा मानसेसले आस्सं बोलतस का?” आणि पाठ फिरवून हातांना तेल चोळत बसली.

आता मी शहाद्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. बी.एस्सी. केलं. मिरची बघितली, मन भरेपर्यंत बघितली. आग बियांत नसते, बिया ज्या पांढऱ्या शिरेला लटकतात तिथे असते. आईला सांगितलं. ती म्हणाली, “मंग?” ती दुसऱ्या दिवशी पथारीवर गेली.

आणि मी? यंत्रासमोर बसण्याआधी आजही बोटांचा वास घेते. कुणी बघत नाही ना, हे पाहून घेते. इतकं शिकून एवढी एक सवय मला सोडता आलेली नाही. लाज वाटते.

परवा त्याच संस्थेतून फोन आला. यंदा पुन्हा नंदुरबारला शिबिर आहे. शिबिराने आयुष्य कसं बदललं यावर मी दोन शब्द बोलावेत, मग मुलींसोबत एक फोटो. या वेळी पथारीवरच्या मुलीसुद्धा आहेत, फोनवरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या.

येते, म्हटलं.

जाणार आहे. सोबत मिरची नेणार आहे. जे झालं ते अहिराणीत सांगणार आहे, ज्याला कळणार नाही त्याने शेजारच्या पोरीला विचारावं. मग शेठलोकांच्या मुलांना आणि आमच्या मुलींना एकाच रांगेत उभं करून डोळा खांद्याला कसा पुसतात ते शिकवणार आहे. पथारीवरची प्रत्येक मुलगी स्वतःच्या हाताने चाक फिरवील, दिवा लावील, तिला स्पष्ट दिसेपर्यंत बघील. तोवर मी तिला कुणाला उठवू देणार नाही, मग पाहुणे ताटकळले तरी चालतील.

फोटो त्यानंतर काढा. त्यात मी असेन. माझे हात मागे असतील.