ओट्यावर ठेवलेलं तेल

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं आणि देवावरचा माझा राग अजून उतरला नव्हता. खरं ते सांगतो. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, धंद्याने तेली. पोटासाठी घाट चढून पुण्याला आलो आणि नारायण पेठेत घाणा टाकला. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारचे दिवे लागेपर्यंत आमच्यात कामाला हात लावत नाहीत. पेठेत त्यावरून चेष्टा चाले. साऱ्या गावाला मारुतीसाठी तेल हवं, नेमका त्याच दिवशी हा तेली झोपा काढतो! मी हसण्यावारी नेत असे. पण ती गेली तेव्हा हसू सुकलं. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणायला आमचे दहा पुरुष लागतात, आणि पुण्यात मी एकटा. खांदा पेठेतल्या लोकांनीच दिला, ते उपकार विसरणार नाही. पण तिच्यासाठी आमचे शब्द कुणी म्हटले नाहीत, याची टोचणी काही जाईना.

अशात रेवदंड्याहून हसाजी आला, माझा लांबचा पुतण्या. म्हणाला, समुद्रापलीकडे बसऱ्याला वेढा पडलाय, आपल्याच धर्माची माणसं त्यात सापडली आहेत. जी निसटून जवळच्या बंदरात आली, त्यांच्या पोटात अन्न नाही की अंगावर धड कापड नाही. कोकणात आमच्या घरोघरी कुणी तांदूळ देत होतं, कुणी लुगडी. पुण्याहून तेल हवं होतं, आणि पाऊस लागायच्या आत शेवटचं गलबत सुटणार होतं. मी तोंडावर म्हटलं, "माझी गेली तेव्हा बसऱ्याहून कोण आलं होतं?" तो उठला. जाताना उंबऱ्याशी एवढंच म्हणाला, "काका, त्यांनाही आज विचारणारं कुणी नाही." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. चार दिवसांनी मी घाण्याला बैल जुंपला.

महिन्याभरात कातड्याचे पाच बुधले तेलाने भरले. कोकणात उतरणाऱ्या लमाण तांड्याचा नायक शुक्रवारी दुपारी न्यायला येणार होता. दुपार गेली, उन्हं कलली, तेव्हा निरोप आला: बैल सरकारी कामात अडकले, उद्या उजाडता निघू, माल नदीकाठी आणून द्या. उद्या म्हणजे शनिवार. बुधले उचलावेत तर बापजाद्यांनी कधी न मोडलेला दिवस मोडतो. न उचलावेत तर तिकडे लेकरं उपाशी राहतात. सल्ला विचारावा असं आमचं माणूस गावात नाही, आणि हमाल शोधायला वेळ नाही. सूर्य बुडायच्या आत बुधले कसेबसे ओट्यावर ओढून आणले आणि खूण म्हणून तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांना बांधल्या.

मग दिवे लागायच्या आत पोहे भिजवले, गूळखोबरं घातलं, केळी ठेवली. हा आमचा एलियाहू नबीच्या नावाचा मलिदा; हा देवाचा प्रेषित अडल्यावेळी कुणाच्याही रूपात येतो, असं आमच्यात मानतात. चार माणसांत वाटून खायचा, म्हणून ती गेल्यापासून केलाच नव्हता. एकट्याने काय करायचं तो! त्या संध्याकाळी केला. ताटासमोर बसलो आणि म्हणालो, "नबीसाहेब, उद्या मी हात लावणार नाही. तुम्हाला वाटलं तर उचला. हे राहेलचं आहे." जन्मात तिचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. पुण्यात ती साऱ्यांची तेलीणबाई. नाव घेतलं आणि मला रडू आवरेना.

सकाळी ओटा रिकामा होता. समोरचे गूळवाले दात घासत उभे होते. ते म्हणाले, उजाडता एक म्हातारा माणूस बैल घेऊन आला आणि बुधले लादून गेला. वर, "अहो, शनिवारी काम करणारा माणूस ठेवलात, बरं केलंत," असा टोमणाही त्यांनी मारला. मी कुणालाच ठेवलं नव्हतं. चोरीला गेलं असंच मी धरलं. रविवारी नदीकाठी विचारायला गेलो, पण तांडा शनिवारीच निघून गेला होता. हसाजीला काय तोंड दाखवू, ही चिंता अख्खा पावसाळा पुरली.

दसऱ्यानंतर तो आला. मी खाली मान घालून बसलो, तर त्यानेच सांगितलं. "काका, तुमचं तेल पोचलं. एका म्हाताऱ्याने पुण्याहून बुधले आणलेत म्हणत ते गलबतापाशी उतरवले, भाडंही घेतलं नाही. कुणाच्या नावाने लिहायचं विचारलं, तर म्हणाला, गेलेल्या राहेलच्या. आम्ही तेच नाव तिकडे कळवलं. आता गलबत परतलंय, त्यांचा निरोप आलाय. त्या बाईच्या नावाने त्यांचे दहा पुरुष उभे राहिले आणि त्यांनी मेलेल्या माणसासाठीची आपली प्रार्थना म्हटली."

मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "काका, राहेल कोण?" त्याला बिचाऱ्याला फक्त काकू ठाऊक.

तो म्हातारा कोण होता, ते मी कधी शोधलं नाही. आता दर शुक्रवारी हातातलं काम उरलं तर उरू देतो. मलिदा करतो, एक वाटी गूळवाल्यांना देतो आणि तिचं नाव मोठ्याने घेतो.