वहिनीची सायकलवरची भाऊबीज

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात पोहे तोलून घेत होतो. "अरे, सुमन गेली…" एवढंच तो बोलला. मी पिशवी घेऊन घरी आलो आणि ओट्यावर ठेवली, तेव्हा कुठे आपण काय ऐकलंय ते कळलं. त्याला आता सहा आठवडे होतील. सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन रोह्याहून आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो. मला 'हिशेबी' म्हणून चिडवायला घरात तिनेच सुरुवात केली. शेवटच्या भेटीत, हॉस्पिटलात, मी सलाइनचे थेंब मोजत बसलो होतो, तर डोळे न उघडता म्हणाली, "भावोजी, ते आपोआप पडतात. तुम्ही चहा पिऊन या." अशा माणसाबद्दल रडत लिहिणं जमत नाही. म्हणून तिच्यासोबतच्या एका दिवसाबद्दल लिहितो.

तो तीसेक वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेचा दिवस. त्याच्या आदल्या वर्षी वहिनी सायकल शिकली होती आणि गावाबाहेरच्या बालवाडीत शिकवायला सायकलवरून जाऊ लागली होती. माहेरी हे कळलं तेव्हा तिचा थोरला भाऊ, अण्णा, मोठ्याने हसला. लहानपणी त्यानेच तिला भाड्याच्या सायकलीवरून उतरवून घरी आणलं होतं. तो म्हणाला, "पेणच्या आळीत गोल गोल फिरतेस, ती काय सायकल झाली? पुढच्या भाऊबीजेला रोह्याला येऊन दाखव. चंद्र मावळायच्या आत आलीस तर मानलं. एस्टीतनं उतरलीस तर पुन्हा सायकलचं नाव नाय काढायचं." वहिनी म्हणाली, "कबूल." आम्हाला ती थट्टा वाटली, पण वहिनी दिलेला शब्द पाळणारी होती. हरली असती तर तिने सायकल खरोखरच सोडली असती आणि बालवाडीही.

सोबत जायचं माझ्यावर आलं. नागोठण्याहून खिंडीतला रस्ता जवळचा, पण चढाचा; म्हणून मी खांब, कोलाड या गावांवरून लांबचा रस्ता धरला. अंतर पन्नास किलोमीटरच्या वर, वेग ताशी दहा, सकाळी सातला निघून, विश्रांती धरून दुपारी तीनपर्यंत रोहा. द्वितीयेचा चंद्र सूर्यास्तानंतर तास-दीड तासात मावळतो, म्हणजे हाताशी भरपूर वेळ. हिशेब चोख होता, फक्त त्यात फराळ धरला नव्हता.

दिवाळीत साडीचा पदर खोचून, पुढच्या टोपलीत ओवाळायचं तबक घेऊन सायकलवर चाललेली बाई दिसली की कोण नुसतं जाऊ देणार? वडखळला बालवाडीतल्या बाईंच्या माहेरी चिवडा झाला. नागोठण्यात माझ्या मित्राकडे करंज्या झाल्या आणि वर जेवणाचा आग्रह. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. वहिनी बांधावरच्या बायकांना हात करायची, त्या विळे उंचावून विचारायच्या, "कुठं चाललीस गो?" आणि ही ओरडायची, "माहेराला!" खांबला एका अंगणात आम्ही पाणी मागितलं तर म्हातारीने वहिनीला हाताला धरून बसवलंच. "दिवाळीचं नुसतं पाणी देतात काय गो? बस. तुझा नवरा काय हा?" वहिनी म्हणाली, "दीर हाय. नवऱ्याला इतकी घाई नसते."

खांबहून निघालो तेव्हा ऊन पार कललं होतं. पुढे एक टेम्पोवाला थांबला. "ताई, सायकली टाका वर. रोह्यालाच चाललोय." मी मनात गणित केलं. ते बसत नव्हतं. म्हटलं, "वहिनी, कोण बघणार आहे? रोह्याच्या अलीकडे उतरू."

"मी बघणार आहे ना," ती म्हणाली. "तुम्ही जा हवं तर. अण्णाला सांगा, येतेय. सकाळपासून तो जेवला नसेल. मी ओवाळल्याशिवाय तो जेवत नाही." मी टेम्पो सोडला.

कोलाडला सूर्य मावळला. रोह्याचा रस्ता पश्चिमेचा, त्यामुळे ती बारीक कोर बरोबर आमच्या समोर, डोंगराच्या वर… आणि पाहावं तेव्हा थोडी खाली. एका वळणावर कोर झाडाआड गेली, तेव्हा वहिनी सीटवरून उठून उभ्यानेच पेडल मारू लागली. रोह्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कोणीतरी उभं होतं. अण्णा. घरात बसवेना म्हणून उपाशीपोटी चालत आला होता.

"किती उशीर गो!" तो ओरडला. वहिनीने सायकल माझ्याकडे ढकलली आणि चंद्राकडे बोट केलं. "तो हाय अजून. बस खाली." अण्णा मैलाच्या दगडावर बसला. वारा होता, मी दोन्ही हातांचा आडोसा केला, तेव्हा निरांजन पेटलं. तिने आधी चंद्राला ओवाळलं, मग भावाला. अण्णा इतकंच म्हणाला, "मानलं." कोर डोंगराला टेकली होती.

मग वहिनी सायकलवर बसली. "चल, बस मागे."

"डबलशीट? मी? लोक काय बोलतील?"

"मग तू चालव, मी बसते."

"मला कुठं येते?" अण्णा म्हणाला. वहिनी इतकी हसली की तिला हँडल धरवेना. तिला लहानपणी सायकलवरून का उतरवलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटचा उतार ते दोघं एका सायकलवरून गेले, अण्णाचे पाय दोन्हीकडे लांब केलेले, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा त्याचा आवाज, "पाडशील गो, सुमे, पाडशील!"

त्यानंतर आजारपण येईपर्यंत वहिनी दर भाऊबीजेला सायकलवरूनच रोह्याला गेली. फराळाचा वेळ मी हिशेबात धरू लागलो.

गेल्या आठवड्यात अण्णाला भेटायला गेलो. आता सत्तरीचा आहे. त्याच्या पडवीत भाताची पोती, लाकडं, चपला, सगळं एकावर एक. भिंतीलगत मात्र एका सायकलीपुरती जागा झाडून रिकामी ठेवलेली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याचा मुलगा कंपनीतून शिफ्ट संपवून आला. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून त्याने मोटरसायकल आत घेऊन तिथे लावली.

"काढ ती," अण्णा म्हणाला. "आत्याची जागा हाय."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग गाडी पुन्हा अंगणात नेली.

"भिजेल," मी म्हटलं.

"भिजंना का," अण्णा म्हणाला, आणि चहा सांगायला आत गेला.