पट्टीपुढे गेलेली पिन

“तुटली नाही ना अजून? मग बदलायची कशाला?” रांगेत माझ्यापुढे सायकल घेऊन उभा असलेला कामगार म्हणाला.

काळेवाडीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या काकांनी वाद घातला नाही. पूर्वी ते एका कंपनीत माल तपासायचे. तिथली सवय हातात राहिली होती. खिशातली स्टीलची पट्टी बाहीला पुसून त्यांनी चेनवर धरली. बारा इंचांची खूण बरोबर चेनच्या कड्या जोडणाऱ्या पिनवर यायला हवी होती. पिन थोडी पुढे गेली होती.

“लांबलीय राव. आता ही चक्राचे दातेपण खाणार. तुटायची वाट बघायची नसते.”

“टाका मग नवी,” तो म्हणाला.

महिनाभर मी इथून नुसती हवा भरून परत जात होते. पायडलवर जोर दिला की माझी चेन निसटायची. सोमवारी ती भर चौकात निसटली आणि मागच्या डंपरने कसाबसा ब्रेक लावला. हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. दुकानात तर चार पुरुष उभे असले की मी चेनचं नाव न काढता पंपच मागायचे.

काकांनी सवयीने पंप पुढे केला. “हवाच ना, ताई?”

मी पंप घेतला नाही.

“नाही काका. माझीपण चेन मोजा.”