दुसऱ्याने भरलेली सिरिंज

आमच्या नर्सिंगच्या वर्गात तिचं नाव फौजदारीण. हॉस्टेलमध्ये आम्ही एकाच खोलीत, त्यामुळे तिच्या फौजदारीचा पहिला मान माझा. माझ्या पलंगाची चादरसुद्धा ती वॉर्डातल्यासारखी कोपरे घट्ट दुमडून घालायची.

तिच्या काकांनी प्रवेशाच्या वेळीच नाक मुरडलं होतं. "लोकांचे बेडपॅन उचलायला पदवी कशाला लागते?"

"काका, तुमच्यावर वेळ आली की सांगा. घरच्या माणसाला आधी देईन."

काका वर्षभर फिरकले नाहीत. तिच्या आईला कोण आनंद झाला!

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघी सर्जरीच्या वॉर्डात होतो. तिथल्या मोठ्या सिस्टर कामाला वाघीण. पण घाईच्या वेळी सगळ्यांची इंजेक्शनं स्वतः भरून ट्रेमध्ये ठेवायच्या आणि टोचायला आम्हाला पिटाळायच्या. आम्ही निमूटपणे टोचायचो. एका सकाळी त्यांनी सिरिंज फौजदारिणीपुढे धरली.

"खिडकीजवळच्या आजोबांना दे."

"ही मी भरलेली नाही, सिस्टर. औषध द्या, मी भरते आणि देते."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण टोचणारा हात माझा आहे."

आपण भरलं नाही ते टोचायचं नाही, हे पहिल्या वर्षी घोकून घेतात. वॉर्डात गेलं की विसरायला लावतात. सिस्टरांनी स्वतः जाऊन इंजेक्शन दिलं. औषध बरोबरच होतं, आजोबा ठणठणीत राहिले, म्हणून सगळे तिच्यावरच उलटले. माफी मागेपर्यंत वॉर्डाची सही नाही, असं सिस्टरांनी बजावलं. त्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

फोनवर तिची आई रडली. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला गं? माग की माफी!"

"आवाज चढला असेल तर त्याची मागते. नकार दिला त्याची नाही."

मला तिचा संताप आला होता. एवढा कसला ताठा! शेवटी आमच्या कॉलेजच्या मॅडमनी तोडगा काढला, सुट्टीत त्याच वॉर्डात पुन्हा ड्युटी करायची आणि सही घ्यायची. हजेरी कमी पडल्याने माझीही सही अडली होती, म्हणून मीही तिच्यासोबत. तिने ड्रेसिंग केली, पेशंटना अंघोळ घातली, सिस्टरांची बोलणी ऐकली, पण माफी मागितली नाही. शेवटच्या दिवशी सिस्टरांनी भरलेली सिरिंज पुन्हा तिच्यापुढे धरली.

"दे आणि सही घेऊन जा."

घे गं बाई एकदाची, मी मनात म्हणत होते.

"नाही देणार, सिस्टर. वर्ष गेलं तर परत येईन. तेव्हाही नाही देणार."

सिस्टर लालबुंद झाल्या. माझ्याकडे वळल्या. "तू दे. तुझीही सही माझ्याच हातात आहे."

माझा हात सवयीने पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.

"ही मी भरलेली नाही, सिस्टर."

फौजदारीण चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली. सिस्टरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि औषधांच्या कपाटाची किल्ली टेबलावर आपटली.

"भरा मग! आणि लवकर, पेशंट ताटकळलेत."