ट्रेंटकाठचा खंबायती मणी

तो मणी मी चाळणीतून उचलला, बाटलीतलं पाणी ओतून अंगठ्यानं पुसला आणि म्हणाले, "हा खंबायतचा आहे." मराठीत म्हणाले, त्यामुळे शेजारच्या कोणालाच काही कळलं नाही.

नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर, ट्रेंट नदीजवळच्या एका शेतात आमचं उत्खनन चाललं होतं. आमचं म्हणजे हौशी लोकांचं. उन्हाळ्यातल्या शनिवारी यायचं, गुडघे टेकून माती खरवडायची, बादलीत भरायची, चाळायची. लायब्ररीत पत्रक पाहून मी नाव दिलं होतं. नवरा म्हणाला, "घरचं गार्डन खणायला सांगितलं की तुझी कंबर दुखते." खरं होतं ते. पण आमच्या गार्डनमध्ये डेन लोक, म्हणजे व्हायकिंग, राहून गेले नव्हते. या शेतात अकराशे वर्षांपूर्वी त्यांची वस्ती असावी, असा आमच्या सुपरवायझरचा अंदाज होता. ती मूळची लीड्सची, पस्तिशीतली, मोजकं बोलणारी. पुराव्याशिवाय एक शब्द तिच्या तोंडून निघायचा नाही.

मी मणी तिच्या तळहातावर ठेवला. लालबुंद, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण वरच्या नांगरटीतून आलाय. त्या मातीत हजार वर्षांपूर्वीचं आणि गेल्या आठवड्यातलं सगळं एकत्र झालेलं असतं. एखाद्या व्हिक्टोरियन बाईची माळ तुटली असेल."

"हा भारतातून आलाय. गुजरातमधून."

"असेलही. कशावरून?"

"मी असे मणी घडताना पाहिलेत."

ती हसली, वाईट अर्थानं नाही, आणि तिनं मणी 'मॉडर्न' लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला. तिथे आधीच एका बाटलीचं झाकण आणि प्लास्टिकचा एक सैनिक पडलेला होता.

मी बडोद्याची मराठी. मी नऊ वर्षांची असताना वडिलांची बँकेतली बदली खंबायतला झाली आणि आम्ही तिथे तीन वर्षं राहिलो. आमच्या गल्लीच्या टोकाला अकीक नावाच्या दगडाचे मणी घडवणारे एक म्हातारे कारागीर बसायचे. सगळी मुलं त्यांना चाचा म्हणायची. शाळा सुटली की मी दप्तरासकट त्यांच्या ओट्यावर. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीवर दगड टेकवून ते म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं टिचक्या मारल्यासारखे तुकडे उडवायचे. त्याआधी दगड मडक्यात भरून शेणाच्या गोवऱ्यांत भाजलेला असायचा, त्यानंच त्याला लाल रंग चढायचा. मला सगळ्यात आवडायचं ते भोक पाडणं. कमानीनं गरगर फिरणारी बारीक सळी, तिच्या टोकाला हिऱ्याचे दोन कण, आणि वरून थेंब थेंब पाणी. अर्धं भोक एका बाजूनं, मग मणी उलटा करून अर्धं दुसऱ्या बाजूनं.

"एकाच बाजूनं का नाही?" मी एकदा विचारलं होतं.

"बाहेर पडताना दगड फुटतो, बेटा. दोघांनी मधे भेटायचं असतं."

डोंगरातल्या ज्या खाणींतून तो दगड यायचा, तिथे एका पिराचा दर्गा होता. तो पीर आफ्रिकेतून समुद्रावरून आला, अकीकाचा व्यापार करू लागला आणि तिथलाच झाला, असं चाचा सांगायचे. त्याच्या उरुसाला हिंदू जायचे, मुसलमान जायचे, डोंगरातले भिल्लही जायचे. वडिलांनी आम्हालाही एकदा नेलं होतं. आईनं तिथे नारळ वाढवला होता आणि त्यात कोणाला काही विशेष वाटलं नव्हतं.

तर माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटलेला होता. सुपरवायझरच्या दृष्टीनं नव्हता, आणि तिचंही चूक नव्हतं. तिला पुरावा हवा होता. मी घरी आले, भांडी घासताना विचार केला आणि मला हसूच आलं. मी गेली अठ्ठावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या तोंडातल्या खाचाखोचांचे सिलिकॉनचे ठसे दिवसभर माझ्या टेबलावर येतात. त्यावरून मी कवळ्या आणि कॅप करते. भोकाच्या आत काय आहे हे बघायला माझ्याइतकी योग्य बाई त्या अख्ख्या काउंटीत नव्हती.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यात पातळ सिलिकॉन आणि एक बारीक सिरिंज घेऊन गेले. बरोबर माझी लहानपणची माळही नेली. खंबायत सोडताना चाचांनी ती माझ्या गळ्यात घातली होती.

"मण्याला काही होणार नाही?" सुपरवायझरनं विचारलं.

"आधी माझ्या माळेतल्या मण्यावर करून दाखवते. तो बिघडला तर तुझा देऊ नकोस."

तो बिघडला नाही. मग तिनं तिचा दिला. पाच मिनिटांत सिलिकॉन घट्ट झालं, मी ते हलकेच ओढून काढलं. निळ्या रंगाची, शेवयीएवढी जाड काडी. साइटवरच्या केबिनमध्ये मायक्रोस्कोप होता. त्याखाली दोन्ही काड्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी बाजूला झाले.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. दोन्हींवर एकसारखी बारीक वलयं होती, स्क्रूच्या आट्यांसारखी. दोन्हींच्या मध्यावर एक किंचित पायरी होती, जिथे दोन बाजूंनी आलेली भोकं एकमेकांना भेटली होती आणि केसभर चुकली होती.

"ठीक," ती म्हणाली. "खंबायत. मानलं." मग मान वर करून, "पण कधी? तुझी माळ पन्नास वर्षांपूर्वीची आहे आणि हत्यार तेच. व्हिक्टोरियन काळातही तेच असणार."

मी म्हणाले, "खाली खणू या."

मण्याच्या जागेखाली मातीचा एक काळसर गोल दिसत होता. तो जुना उकिरडा निघाला, वरून पिवळ्या चिकणमातीनं बंद झालेला. बंद म्हणजे नांगर तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. त्या खड्ड्यात उतरायला मला आणि आणखी एका सभासदाला सांगितलं. ते काश्मीरमधल्या मीरपूरचे, लहानपणी नॉटिंगहॅमला आलेले, आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले गृहस्थ. मी त्यांना भाईसाहेब म्हणायचे, ते मला बहनजी. आमचं आपसांत हिंदी चालायचं. तीन शनिवार आम्हाला हाडं, कोळसा आणि खापरं याशिवाय काही मिळालं नाही. आमचे डबे मात्र छान जमले. त्यांच्या बायकोचे पराठे आणि माझा मेथकूट-भात.

चौथ्या शनिवारी भाईसाहेबांच्या थापीचं टोक कशाला तरी लागलं. नखाएवढा चांदीचा पातळ तुकडा, नाण्याचा कापलेला चतकोर. त्यांनी ब्रशनं माती झटकली, तुकडा उजेडाकडे तिरका धरला आणि थांबले.

"बहनजी, जरा पानी देना."

मला वाटलं प्यायला हवंय. त्यांनी तुकडा अलगद ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे काढले आणि माझ्या बाटलीतल्या पाण्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत धुतले. मग पुन्हा वाकून बघितलं.

"लाम, अलिफ," ते हळू आवाजात म्हणाले. "ला इलाहा... आगे कटा हुआ है. कलमा है ये."

सुपरवायझर खड्ड्याच्या काठावर बसली होती. तिनं सांगितलं, असे दिरहम, म्हणजे अरबी अक्षरांची चांदीची नाणी, समरकंदच्या बाजूला पाडले जायचे. रशियातल्या नद्यांवरून व्यापारी ते बाल्टिकपर्यंत आणायचे आणि डेन लोक वजन करून तोडून वापरायचे. चांदी म्हणून. त्यावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

"उन्हें पता नहीं था," भाईसाहेब म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. उलट कोणा अडाणी पण भल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसा आवाज होता. मग डोळे पुसून तिला इंग्लिशमध्ये म्हणाले, "मी या शेतासमोरून अकरा वर्षं बस नेली."

त्याच मातीच्या बादलीत, माझ्या चाळणीत, दुसरा मणी आला. अर्धाच, उभा तडकलेला. त्यामुळे भोक आतून उघडं पडलं होतं आणि या वेळी सिलिकॉनची गरजच लागली नाही. भिंगातून वलयं सरळ दिसत होती. मी तो सुपरवायझरच्या हातात दिला. खरं सांगायचं तर मला तो क्षण पूर्ण उपभोगायचा होता.

"बंद थर," ती म्हणाली. "दिरहमबरोबर." आणि मग त्या मोजकं बोलणाऱ्या मुलीनं मला मातीच्या कपड्यांसकट मिठी मारली.

पहिला मणी मात्र 'मॉडर्न' ट्रेमधून निघून 'अनिश्चित' ट्रेमध्ये गेला, आणि आजही तिथेच आहे. मी भांडले नाही. अर्ध्या मण्यानं माझं काम केलं होतं. खंबायतहून बसरा, बगदाद, कॅस्पियन, मग व्होल्गा, मग बाल्टिक, मग उत्तर समुद्र, मग ट्रेंट, असा त्याचा रस्ता सुपरवायझरनं केबिनमधल्या नकाशावर लाल पेननं काढला. मीही गुजरातहून नॉटिंगहॅमला आले होते, पण विमानानं, आणि तेही वैतागत.

रिपोर्टमध्ये मणी कसा घडवतात हे तिनं मलाच लिहायला लावलं. माझ्या इंग्लिशमधल्या चुका तिनं सुधारल्या. मडक्यात दगड भाजण्याचं वर्णन तिला फार लांब वाटलं, ती म्हणाली कापू या. मी म्हणाले, नाही. ते राहिलं.

शरद ऋतूत गावच्या हॉलमध्ये सगळ्या वस्तू मांडल्या. भाईसाहेब दिरहमच्या टेबलावर सूट घालून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती दोन अक्षरं वाचून दाखवत होते. मी मण्याच्या टेबलावर. ज्याचं शेत होतं तो ऐंशीचा शेतकरी शेवटी आला, टोपी हातात घेऊन. त्यानं नकाशावरची लाल रेघ बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली.

"म्हणजे माझ्या शेतात नेमकं राहत कोण होतं?" त्यानं विचारलं.

"आमची गिऱ्हाइकं," मी म्हणाले.

तो मोठ्यानं हसला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सांग मग सगळं. मला घाई नाही."