व्हर्लन स्टिल्सचा लांबकान्या

व्हर्लन स्टिल्स कायद्याला इतका जपायचा, की कायद्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. अमेरिकेतल्या ऑझार्कच्या डोंगरात त्यानं उभा जन्म शाळेची बस चालवली. गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावरचे रूळ उखडून नेल्याला जमाना लोटला होता, तरी तो तिथं रोज बस थांबवायचा, दार उघडायचा आणि न येणाऱ्या गाडीची चाहूल घ्यायचा. मुलं हसायची. त्याचं म्हणणं, रूळ उखडले असतील, थांबायचा नियम उखडल्याचं मला कुणी कळवलेलं नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा चर्चच्या मंडळींनी त्याला एक भलामोठा फिशटँक भेट दिला. प्रेम होतंच, शिवाय चर्चच्या तळघरातली अडगळही कमी झाली.

त्याचा मेहुणा रॉइस या विषयातला जाणकार. रॉइसच्या घरी खाऱ्या पाण्याचा टँक होता. साता समुद्रांपलीकडचे मासे विमानानं यायचे, चार दिवस पाहुणचार घ्यायचे आणि देवाघरी जायचे. रॉइस डोळे पुसून नवे मागवायचा. याला तो छंद म्हणायचा.

व्हर्लनच्या मनात मात्र गावच्याच ओढ्यातला मासा भरला होता. जून महिन्यात बुटक्या पुलावरून त्यानं खाली पाहिलं, तर नितळ पाण्यात तळहाताएवढा एक नर शेपटीनं खडी झाडून आपलं घरटं लख्ख करत होता. पोट नारिंगी, अंगावर निळ्या नागमोडी रेघा, कल्ल्यामागं कानासारखी लोंबणारी काळी लांब पाळी. गावात त्याला लांबकान्या म्हणतात आणि मक्याच्या पिठात घोळवून तळतात. त्याच्या रूपाबद्दल गावाचं मत एवढंच, की काटे फार.

"दाजी, माझं जाळं घेऊन जा," रॉइस म्हणाला. "दोन फेऱ्यांत बादली भरेल. ओढ्यावर कोण बघतंय?"

"मी बघतोय की," व्हर्लन म्हणाला.

तो वन्यजीव खात्याच्या कचेरीत गेला. तिथली अधिकारी टॅम्सिन लहानपणी त्याच्याच बसनं शाळेत जायची. तिनं सांगितलं, परवाना काढा, हा मासा फक्त गळानं धरा, लागतील तेवढेच न्या, आणि एकदा घरी ठेवलेला मासा पुन्हा कुठल्याच पाण्यात सोडू नका. व्हर्लननं सगळं परत विचारलं. तिनं सगळं परत सांगितलं. फाटकावर थांबून थांबून तिच्या अंगी तेवढा धीर आलेला होता.

अडचण एवढीच होती, की व्हर्लनला मासेमारी येत नव्हती. ज्या गावात पोराला दात येण्याआधी गळ मिळतो, तिथं हा एकटा कोरडा राहिलेला. त्याचा गळ झाडात अडकायचा, टोपीत अडकायचा, एकदा तर स्वतःच्याच विजारीत अडकला. गांडुळं तेवढी जात राहिली. त्या उन्हाळ्यात ओढ्यातल्या माशांनी चांगलंच बाळसं धरलं.

एका दुपारी त्याची बायको आर्डिथ जेवण घेऊन आली. तिचे वडील नावाजलेले मासेमार. ते गेल्यापासून तिनं गळाच्या काठीला हात लावला नव्हता. नवऱ्याचा पराक्रम ती थोडा वेळ बघत राहिली, मग काठी त्याच्या हातून काढून घेतली. मनगटाचा एक झटका, गळ नेमका काठच्या झाडाच्या मुळांखाली, आणि लगेच दोरी ताणली गेली. आर्डिथ मोठ्यानं हसली. वर आला तो असा देखणा लांबकान्या, की व्हर्लनचा श्वास अडकला.

पण जीभ अडकली नाही. "तुझ्याकडे परवाना नाही," तो म्हणाला.

"इथं तू आहेस, मी आहे आणि हा मासा आहे. मासा काही बोलणार नाही."

"मग मला बोलावं लागेल."

आर्डिथनं खाली वाकून मासा हलकेच पाण्यात सोडला. मग जेवणाचा डबा उचलला आणि घरी निघून गेली. डब्याबाबत कायद्यात काही तरतूद नव्हती.

घरात अबोला सुरू झाला. व्हर्लन उकडलेले घेवडे एकटाच गिळत बसायचा. नियम बरोबर होता, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण ते हसू त्यानं किती वर्षांत ऐकलं नव्हतं, हेही त्याच्या संथ डोक्यात हळूहळू उतरलं. एका सकाळी तो कचेरीत जाऊन आला आणि तिच्या ताटाशेजारी परवाना ठेवला, तिच्या नावाचा. इतर नवरे फुलं आणतात.

आर्डिथनं तो उलटसुलट वाचला. "यात माझं वजन कुणी सांगितलं?"

"मी."

"जास्त सांगितलंस."

"सरकारला खोटं सांगू?"

तिनं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच.

दुसऱ्या दिवशी दोघं ओढ्यावर गेली. बादलीत हवा सोडणारं यंत्र होतं, मासा आर्डिथनं काढला आणि व्हर्लननं तो तान्ह्या बाळासारखा घरी नेला. टँकमध्ये सोडताच त्या बाळाचा रंग उडाला. नारिंगी गेलं, निळं गेलं, राखाडी भूत होऊन तो हवेच्या नळीमागं दडून बसला. रॉइस मुद्दाम बघायला आला. "दाजी, सगळा उन्हाळा घालवून तुम्ही खापराचा तुकडा आणलात?"

व्हर्लनला ते फार लागलं. त्याला वाटलं, बिचाऱ्याला परत सोडून यावं. पण तेही नियमात बसत नव्हतं. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यानं एका नियमाला शिवी हासडली आणि मग दिवसभर अपराध्यासारखा बसून राहिला.

आर्डिथ मात्र रोज काचेपाशी खुर्ची ओढून गांडुळं घालायची आणि त्या भेदरलेल्या जिवाला वडिलांच्या गोष्टी सांगायची. झाडांची पानं पिवळी पडेपर्यंत मासा पुन्हा पेटला. निळ्या रेघा उमटल्या, कान मखमली झाला. आता तिची चाहूल लागली की तो काचेला येऊन भिडतो. व्हर्लननं टँक घासायला हात घातला की कडकडून चावतो. रॉइस येतो, टँकपुढं रेंगाळतो, आणि जाताना गांडुळं कुठली घालता, असं सहज विचारतो.

शनिवारी आर्डिथ ओढ्यावर जाते. व्हर्लन बादली आणि मोजपट्टी घेऊन मागून चालतो. संध्याकाळी ती मासे तळते. तो आवडीनं खातो, पण टँककडे पाठ करून बसतो.